मी उचललेला विस्तव

चुलीच्या डाव्या अंगाला, राखेत अर्धा बुडालेला, एक पाय जरासा वाकडा झालेला जो दिसतो ना, तो मी. चिमटा. भाकरी उलटायची आणि विस्तव उचलायचा, एवढंच माझं काम. चिमट्याला कोणी काही विचारत नाही. पण एक गोष्ट फार दिवसांपासून माझ्या मनात आहे, ती सांगून टाकतो.

माझा जन्म रामटेकच्या एका लोहाराच्या हातचा. बैलबंडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव होती, तिची उरलेली पट्टी ठोकून त्यानं मला घडवलं. ते साल सत्तेचाळीस. कार्तिकातली जत्रा भरली होती, गडावर माणूस मावत नव्हता, आणि त्या वर्षी देवाच्या माळांशेजारी कागदी तिरंगी झेंडेही विकायला आले होते. नागपूरच्या तांडापेठेतली जनाबाई दर्शनाला आली होती. घरी नवी सून आली होती, तिच्यासाठी तिला चिमटा हवा होता. तिनं मला उचललं, दोनदा उघडलं-मिटलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या आपल्या धाकट्या पोराचा कान माझ्यात धरून पाहिला.

"ओय माय!" पोरगं ओरडलं आणि मग हसलं.

"पकड चांगली हाये," जनाबाई लोहाराला म्हणाली.

तो कान बाबूलालचा. दहा वर्षांचा होता तेव्हा. मी जगात पहिल्यांदा काही धरलं असेल तर तो त्याचा कान.

घर कोष्ट्यांचं. जनाबाईचा मोठा मुलगा जागेश्वर मागावर बसायचा आणि बाबूलाल आडव्या सुताच्या कांड्या भरायचा. सून कुसुमावती, म्हणजे कुसुम, सातवी शिकलेली. आमच्या गल्लीत तेवढी शिकलेली बाई दुसरी नव्हती. बावीस घरं, आणि प्रत्येक घरात खड्ड्यातला माग. दिवस उजाडला की एकेक माग बोलायला लागायचा, खटक-खट, खटक-खट, आणि मग सगळी गल्ली एका सुरात. आता तो आवाज आठवला की माझ्या लोखंडालाही कसंसंच होतं.

आणि सकाळची ती पांजणी! लुगड्याच्या उभ्या सुताचा ताणा लांबच्या लांब गल्लीत बांधायचा, त्याला खळ लावायची, कुंच्यानं सूत न सूत मोकळं करायचं. एका घराचं हे काम नव्हेच. आज तुमचा ताणा तर उद्या आमचा. दहा-बारा हात लागतात. म्हणून आमच्यात भांडण झालं तरी पांजणीपुरता अबोला सुटायचा. ज्याच्या पांजणीला कोणी आलं नाही त्याचा माग उपाशी.

पांजणी उरकली की म्हातारी माणसं मारुतीच्या पारावर बसत आणि चिलीम निघे. रोजची तंबाखूची, सणावाराला गांजाची. मग कोणीतरी हाक मारी, "बाबू, विस्तव आण गा!"

बाबूलाल पळत दारात. "वहिनी, विस्तव द्या."

कुसुम मला उचलायची, चुलीतला चांगला लालबुंद निखारा माझ्या तोंडात द्यायची आणि मला त्याच्या हाती सोपवायची. "हळू जाय, पायावर पाडशील." तिची काळजी तेवढीच, पायाची. पोरानं पारावर जायचं, चिलमीवर निखारा ठेवायचा, आणि तो धरावा म्हणून दोन्ही हातांत चिलीम धरून दोन-तीन झुरके ओढायचे. चिलीम नीट पेटली की मगच ती मोठ्यांच्या हाती. ठसका लागला तर सगळे हसत. नाही लागला तर म्हणत, "पोट्टा तयार झाला!" गल्लीतला प्रत्येक बाप्या लहानपणी असाच तयार झाला होता. कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

बाबूलाल मोठा गुणी पोरगा. कुसुमला केशव झाला तेव्हा त्याच्यासाठी मातीचे बैल त्यानंच केले, शिंगांना लाल सूत गुंडाळून. करपलेल्या भाकरीचा पापुद्रा त्याला फार आवडे. कुसुम त्याच्यासाठी मुद्दाम एक भाकरी जास्त शेकायची. "वहिनी, तुमच्या हातची जळालेली भाकर बी गोड लागते," म्हणायचा. "म्हणजे बाकीच्या कच्च्या राह्यतात काय रे?" ती विचारायची.

पुढे पुढे मात्र विस्तवाच्या खेपा वाढल्या. आधी दिवसाला दोन, मग चार, मग पारावर कोणी नसतानाही. निखारा घेऊन तो पाराकडे न वळता मागच्या बाजूला, मालगाडीच्या रुळांकडे जाऊ लागला. तिथे एका पडक्या खोलीत गांजा ओढणाऱ्या पोरांचा अड्डा होता. मला सगळं दिसत होतं. मी त्याच्याच मुठीत होतो. पण चिमट्यानं सांगायचं कोणाला?

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात व्हायचं ते झालं. बाबूलाल सतरा वर्षांचा होता. नत्थूजींच्या घरचा ताणा गल्लीत लागला होता. नत्थूजी म्हणजे मोहल्ल्याचे पंच; गल्लीतल्या साऱ्या सुना त्यांना मामाजी म्हणत. ताणा वाळत आला होता. बाबूलाल एका टोकाशी राखणीला बसला, डोळे तांबारलेले, आणि बसल्या बसल्या त्याच्या हातातली चिलीम कलंडली. वाळलेलं सूत ते! बघता बघता अर्धा ताणा काळा झाला. लग्नाचं लुगडं होतं, नत्थूजींच्या नातीचं.

तो निखारा त्या सकाळी मीच उचलला होता. कुसुमच्या चुलीतून.

आठवड्यानं अमावस्या आली. अमावस्येला कोष्ट्यांचे माग बंद असतात, म्हणून पंचायत त्याच दिवशी. सकाळी नऊलाच पार भरला. बायका भिंतीशी पदर घेऊन उभ्या. बाबूलाल मधोमध खाली मान घालून बसलेला.

पुढचं थोडं मी स्वतः पाहिलं, थोडं नंतर चुलीपाशी बायकांच्या बोलण्यातून ऐकलं.

"पोळ्यापर्यंत कायले थांबता?" कोणीतरी ओरडलं. "मारबत निघाची वाट कायले पाहता? इडापिडा आजच धाडून द्या!" पार हसला. तान्ह्या पोळ्याला आम्ही मारबतीच्या पुतळ्याबरोबर रोगराई वेशीबाहेर घालवतो. आमच्या बाबूलालला लोकांनी त्यात बसवलं.

नत्थूजी हसले नाहीत. "जागेश्वर, ऐक गा," ते म्हणाले. "पोट्टा घरात नको. तू ठेवशील, तर तुह्या पांजणीले या गल्लीतला एक हात येणार नाही. समजलं?"

जागेश्वरनं मान डोलावली. काय करणार? माग बंद म्हणजे चूल बंद. जनाबाईनं तोंडात पदर कोंबला. आणि कुसुमच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट: घरातून काढलेला पोरगा जाईल कुठे? त्या पडक्या खोलीशिवाय त्याला दार कोण उघडणार होतं?

तेवढ्यात नत्थूजींनी चिलीम काढली आणि सवयीनं हाक मारली, "अरे, विस्तव आणा गा कोणी!"

चुलीपाशी धावत आला तो केशव. सहा वर्षांचा. त्यानं मला दोन्ही हातांनी उचललं, निखारा धरला आणि मला पुढे धरून पाराकडे पळाला. नत्थूजींच्या चिलमीवर त्यानं निखारा अगदी नीट ठेवला. मग, कोणी सांगितलं नव्हतं तरी, आपल्या इवल्या ओंजळीत चिलीम धरली, गाल आत ओढले आणि झुरका घेतला. खोकला. डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा ओढला.

"वा रे पठ्ठे!" कोणी म्हणालं. "काकाहून तेज हाये!" पुन्हा सारा पार हसला.

मग माझ्यावर एक हात पडला. कुसुमचा. ती पारावर चढली होती. आमच्या गल्लीत बाई पारावर चढल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"कुसुम! घरी जाय," जागेश्वर दबक्या आवाजात म्हणाला.

"जाते. याले घेऊन जाते." तिनं केशवचा हात धरला होता आणि मला तिनं इतकं घट्ट आवळलं होतं की माझी दोन्ही टोकं एकमेकांना टेकली होती. "पण मामाजी, आधी याले बी हाकला. दहा-अकरा वर्सं कायले थांबता? आजच हाकला."

"वेडी झाली काय वं ही?" भिंतीशी उभ्या बायकांतली एक म्हणाली.

"मी या घरात आली तवा बाबू दहा वर्साचा होता. तवा बी तो चिलीम पेटवे. कोणाची पेटवे, मले ठाऊक नाई. विस्तव देणारी मीच. माह्याच चुलीतला. मले बी दंड करा."

"बाईमाणसाचं हे काम नाही," मागून आवाज आला.

"बोलू द्या तिले," जनाबाई म्हणाली. तोंडातला पदर तिनं काढला होता.

नत्थूजींनी बाबूलालकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माह्यी पेटवे तो. त्याचा बाप गेला तवापासून माह्या बी घरी कांड्या भराले येत होता. मीच म्हणो, बाबूसारखी चिलीम कोणाले पेटवता येत नाही." मग ते कुसुमकडे वळले. "मंग करावं काय, तूच सांग."

कुसुम गडबडली. तिनं काही ठरवून आणलं नव्हतं. सातवीच्या पुस्तकात हे कुठे होतं? थांबत थांबत, शब्द शोधत ती बोलली. ज्याले ओढाची त्यानं स्वतः उठावं, स्वतःच्या चुलीचा विस्तव स्वतः आणावा. लेकराले धाडायचं नाही, चिलमीले बी नाही अन् ठेक्यावरून गांजाची पुडी आणाले बी नाही. ताण्यापाशी कोणीच ओढायची नाही, पंचांनी बी. दर अमावस्येला पारावर विचारायचं, या महिन्यात कोणी पोराले विस्तवाले धाडलं? आणि जबाब पोरानं नाही, मोठ्यानं द्यायचा.

"अन् बाबू घरातच राह्यल," ती म्हणाली. "तुमचा ताणा त्यानं जाळला, तुमच्या मागावर बसून तोच विणंल. तुमच्या डोळ्यापुढं. पण लुगडं मागावरून उतरेपर्यंत तुम्ही बी चिलीम ठेवा, मामाजी. तुम्ही बाजूले बसून ओढाल तर तो कसा सोडंल?"

एक म्हातारबुवा पुटपुटले, "आता या वयात विस्तवाले आपण उठायचं?" पण या वेळी कोणी हसलं नाही. बोलता बोलता नत्थूजींच्या हातातली चिलीम विझून गेली होती. त्यांनी ती पाहिली. विस्तव हवा तर आता स्वतः उठावं लागणार होतं, आणि बावीस घरांचे डोळे त्यांच्यावर होते. ते उठले नाहीत. चिलीम फडक्यात गुंडाळून त्यांनी बंडीच्या खिशात टाकली.

"उद्या सकाळी ये गा, बाबू," एवढंच म्हणाले.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. दोन घरं कित्येक महिने कुसुमशी बोलली नाहीत. बाबूलालला पहिले काही दिवस अन्न गोड लागेना, साध्या गोष्टीवरून तो चिडायचा, आणि एकदा तर त्यानं मला अंगणात भिरकावून दिलं. माझा पाय वाकला तो तेव्हाचा. पाचव्या दिवशी दुपारी तो मागावरून उठून रुळांकडे निघून गेला. कुसुम दारात उभी राहून रडत होती. तिला वाटलं, संपलं सगळं.

त्याला आणायला गेले नत्थूजी. पासष्टीचा माणूस, भर उन्हात. पाच दिवस त्यांनीही चिलीम धरली नव्हती. त्या पडक्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "मले बी तल्लफ आली हाये, बाबू. चाल, दोघं मिळून मट्ठा पिऊ."

दोघं आमच्याच अंगणात येऊन बसले. कुसुमनं मठ्ठ्याचे दोन गडवे पुढे ठेवले, आणि एक भाकरी मुद्दाम करपवली.

लुगडं उतरायला सव्वा महिना लागला. नातीच्या लग्नात ते नेसवलं गेलं तेव्हा नत्थूजी येईल त्याला काठ दाखवत होते.

आता साठ साल चालू आहे. गल्लीतले निम्मे माग मुके झालेत. गिरणीचं लुगडं स्वस्त पडतं म्हणतात. बाबूलाल गिरणीत कामाला जातो. त्याचं लग्न झालं, आणि त्याची बायको करपलेली भाकरी पाहून नाक मुरडते. नत्थूजी मागच्या वर्षी गेले. चिलीम त्यांनी पुन्हा धरली होती, खोटं कशाला बोलू? पण अखेरपर्यंत काठी टेकत स्वतः आमच्या दाराशी यायचे, "सूनबाई, विस्तव घेतो वं," म्हणायचे, आणि वाकून मला स्वतः उचलायचे.

आणि मी? कुसुमनं वातीचा स्टो घेतला आहे. चूल पेटते ती भाकरीपुरती. मी गंजू लागलोय. उद्या भंगारवाला आला तर जाईनही. त्याचं मला काही वाटत नाही.

परवा उमरेडचे एक पाहुणे आले होते. ओसरीवर टेकले, खिशातून चिलीम काढली आणि आत पाहून म्हणाले, "बाळा, जरा विस्तव आण गा."

केशव आता बारा वर्षांचा आहे. तो चुलीपाशीच पाटीवर गणित करत होता. त्यानं मान वर केली आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "तुम्हीच या ना जी. चूल इकडं हाये."

पाहुणे अवघडले. कुसुम भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मग मला उचलून तिनं भाकरी उलटली तेव्हा तिची पकड सैल होती. पारावरच्या त्या दिवसानंतर, इतक्या वर्षांत, पहिल्यांदाच.

माय-बहिणींनो, तुमच्याही चुलीशी माझा कोणी भाऊबंद असेल. एखादं लेकरू विस्तव मागायला आलं, तर त्याला रागावू नका. धाडलं कोणी, तेवढं विचारा, आणि त्या मोठ्या माणसाला आत बोलवा.