दारात कोण उभं आहे

"बाहेर उभं राह्याचं, खूण केली का दार वाजवाचं, अन् आत याचं नाही. इतकंच काम हाय तुमचं," फुलचंदभाऊ म्हणाले.

संगीता त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्न होऊन बंजाऱ्यांच्या तांड्यावर आली तेव्हापासून ढाणकीच्या या शाळेत सातवीला इंग्रजी तीच शिकवत होती, तात्पुरती म्हणून. आज यवतमाळहून शिक्षण खात्याचे साहेब पाठ बघायला येणार आणि त्यावरून कायमची जागा ठरणार. पाठ संगीताचा, पोरं संगीताची, आणि शिकवणार कोण, तर संस्थाचालक फुलचंदभाऊंची सूनबाई, जी वर्गात फिरकली असेल तर हळदीकुंकवापुरती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

"भाऊ, पाठ म्या बसवला. मंग मी काहून नाही घ्याचा?"

"तुमी तं आपल्या तांड्यावरच्या, घरच्याच हा. घरच्यानं समजून घ्या लागते."

घरची म्हणे. घरच्या माणसाला कोणी दाराबाहेर उभं करतं का? संगीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती थांबली, कारण साहेबांसमोर पोरांचा पचका झालेला तिला बघवला नसता.

तिचा हा पाठ मुळी दारावरच चालायचा. ती बाहेर जाऊन दार वाजवायची. पोरं उठून म्हणायची, "समवन इज अ‍ॅट द डोअर." मग एकानं दार उघडायचं, आलेल्याचं नाव घ्यायचं, आणि तो आत आल्यावरच वर्गानं बसायचं. दारी आलेल्याला आत घेतल्याशिवाय आपण टेकायचं नाही, ही तांड्यावरची रीत तिनं इंग्रजीत घातली होती. सूनबाईंनी नुसती वाक्यं पाठ केली होती.

साहेब आणि फुलचंदभाऊ वर्गात मागं जाऊन बसले, दार लागलं. खिडकीतून खूण झाली. संगीतानं दार वाजवलं.

"समवन इज अ‍ॅट द डोअर," अख्खा वर्ग उठून म्हणाला.

"गुड. बसा आता. पुढचं वाक्य, नोबडी इज अ‍ॅट होम."

कोणी बसलं नाही.

"बसा म्हटलं ना," सूनबाईंचा आवाज चढला.

"मॅडम, दार उघडाचं राह्यलं न," पहिल्या बाकावरची कहकशां म्हणाली आणि जाऊन तिनं दार उघडलंच. "संगीता मॅडम इज अ‍ॅट द डोअर."

साहेबांनी मान वळवली. "या कोण?"

"कोणी नाही साहेब," फुलचंदभाऊ घाईनं म्हणाले. "आपल्याच शाळेतल्या हायेत."

संगीता उंबरा ओलांडून आत आली.

"साहेब, या वर्गाले इंग्रजी मी शिकवते," ती म्हणाली, आणि पोरांकडे वळली. "बसा."

सगळी बसली. खडू धरून सूनबाई तेवढ्या उभ्या राहिल्या.

साहेबांनी मान डोलावली, मग ते फुलचंदभाऊंच्या घरी जेवले आणि गेले. मंजुरी सूनबाईंच्याच नावानं आली. दुसरं काय होणार होतं?

मंजुरी आली त्या दिवशी संगीता वर्गात आली आणि आपली पिशवी घेऊन निघाली. पोरं उठून उभी राहिली. सूनबाई बसा, बसा म्हणत होत्या. कहकशांनं दार सताड उघडं धरलं होतं, आणि संगीता फाटकाबाहेर जाऊन दिसेनाशी झाली तरी कोणी बसलं नाही.