कुंकवाची चिप

एक मेलेला बैल, जिनिंगच्या मागच्या कुंपणाशी.

काचेची खिडकी, करंगळीच्या नखापेक्षा लहान. तिच्यावर कुंकू.

शिरपूरकडून आलेल्या कापसाच्या बैलबंड्या, स्टेशनच्या रस्त्यापर्यंत खोळंबलेल्या.

"कार्ड तेच, चिप तेच. हात तेवढा बदलला."

हिरव्या पट्टीच्या कोपऱ्यात छापलेलं एकच इंग्रजी अक्षर: बी.

हे सगळं एकाच सकाळचं. साल एकोणऐंशी, गाव जऊळका, कापसाची सरकी काढायचं जिनिंग दौलतरावांचं. गाठी दाबायच्या प्रेसला त्यांनी मुंबईहून एक इलेक्ट्रॉनिक पेटी आणून बसवली होती. गाठीचं वजन पेटी वाचायची. नीट वाचलं तर हिरवा दिवा. गफलत वाटली तर लाल, आणि लाल लागला की प्रेस जागीच अडायची. पेटीच्या आत कार्ड होतं, म्हणजे सुटे भाग बसवलेली हिरवी पट्टी. कार्डावर प्रोसेसर, म्हणजे हुकूम पाळणारा. आणि चिप, म्हणजे हुकूम भरलेली डबी.

ती पेटी सांभाळायला अंजना. अमरावतीहून डिप्लोमा करून आलेली, ह्याच हंगामात कामाला लागलेली, गावकुसाबाहेरच्या भिवाजीची पोरगी.

विजेच्या झटक्यात जुनं कार्ड जळलं. चिप तेवढी वाचली. मुंबईहून नवं कार्ड आलं, त्याची स्वतःची नवी चिप घेऊन. पण दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा दौलतरावांनी जुन्या चिपला कुंकू लावलं होतं, नेमकं तिच्या पाठीवरच्या इवल्या काचेवर.

"पूजेची चिप फेकाची असते काय?" ते म्हणाले. "तेच लाव."

"हे कार्ड दुसरं हाये, कोपऱ्यातलं ते बी अक्षर पाहा," अंजना म्हणाली. "त्याच्यावर ८०८० प्रोसेसर होता, याच्यावर झेड-ऐंशी हाये. जुनी चिप याच्यात चालत नाही."

"दिसाले त सारखंच हाये. लावून दाखव, मंग बोल."

तिनं लावून दाखवली. लाल. गाठ बदलली. लाल. बंड्यावाले एकेक करून आत येऊन उभे राहिले, आणि दौलतराव त्यांच्याकडे वळून ते हात बदलल्याचं वाक्य बोलले. हात कोणाचा, कोणत्या वस्तीतला, ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

"हे पाय पोरी," ते मग हळू आवाजात म्हणाले. "हात चुकला म्हण. मी बी इसरून जातो. नोकरी राह्यते तुही."

आता गोष्ट एवढीच उरली होती. म्हणायचं की नाही.

अंजना म्हणाली, "जुना प्रोसेसर बेरीज झाली की एक खूण ठेवते. उत्तर शून्य-एकात असते, त्यातले एक मोजून सम भरतात का विषम. ते खूण पाहून चिप ठरवते, वजन नीट वाचलं का नाही. नव्याची खूण त्याच जागेवर हाये. पण बेरीज झाली की ते दुसरंच सांगते, उत्तर मापाबाहेर गेलं का. बाकी हुकूम दोघं सारखेच पाळतात, म्हणून माणूस फसते."

"म्हणजे खोटं बोलते."

"खोटं नाही बोलत. तुमी जुनंच विचारून राह्यले."

प्रेसवरचा खेमा तोंडातला विडा गालात सरकवून ऐकत होता. तेवढ्यात फाटकातून भिवाजी आला. धुतलेलं धोतर, पायात वहाणा. दौलतरावांनी सकाळीच माणूस धाडला होता त्याच्याकडे.

"भिवा, ढोर पडलं मांगं."

"दिसलं मले, येतानी."

"मंग ओढ ना."

"काहून?"

दौलतरावांना हा शब्द नवा नव्हता. पण त्या तोंडून, त्या आवाजात, सगळ्यांसमोर. ते म्हणाले, "काहून म्हणजे? तुहा बाप ओढे. तू बी ओढले."

"ओढले."

"मंग आता कायले आला?"

"पोरीचा डबा घेऊन आलो. घरीच इसरली होती."

खेमा म्हणाला, "मालक, हे बी नवं कार्ड हाये," आणि बंड्यावाल्यांत हसू फुटलं. दौलतरावांनी त्याच्याकडे पाहिलं तसं ते ओठातल्या ओठात गेलं. पण गेलं नाही पूर्ण.

अंजनानं पेटी उघडली. कुंकवाची चिप काढली, टेबलावर ठेवली. खिशातून नवी चिप काढली, तिच्या शेजारी ठेवली. पेचकस ठेवला.

"दोन्ही इथंच हायेत, दौलतराव. चिपची अर्धगोल खाच वरच्या बाजूनं ठेवजा. कोणती लावाची ते तुमी ठरवा. माहा हात चुकला नाही, आन् तसं मी म्हणत बी नाही."

"गेली त परत येऊ नोको."

"डबा द्या बाबा."

दोघं निघाली. बंड्यावाल्यांनी बैल आखडून वाट दिली. मागच्या कुंपणाशी तो मेलेला बैल, पाय ताठ, डोळ्यांवर माश्या. भिवाजी क्षणभर थांबला.

"जनावर चांगलं होतं," तो म्हणाला, आणि चालू लागला.

मागून आवाज नाही. स्टेशनच्या वळणावर पोचेपर्यंत नाही. मग प्रेसचा धप्पा आला. थोड्या वेळानं दुसरा. मग चालू झाली ती चालूच.

सायकल दामटत खेमा आला, धापा टाकत.

"अंजनाबाई, मालकानं बोलावलं. हिरवा लागला."

"लावली कोणी?"

"त्यायनंच. आमाले हात लावू देल्ला नाही. कुंकवाची कागदात बांधून देव्हाऱ्यात पाठोली."

"माहा हात चुकला नोता, असं म्हणाले?"

खेमा सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "तसं नाही म्हणाले. येऊ दे म्हणे तिले, इसरलो म्हणा."

"त्यायले सांग, मी नाही इसरली. चारचौघांत बोलले ते चारचौघांत मांगं घ्या. मंग येतो."

"आन् नाही घेतलं त?"

"त मंग त्यायचाच हात चांगला हाये. चालवा म्हणा."

खेमानं सायकल फिरवली. वळणावरून ओरडून म्हणाला, "आन् तो बैल? आता माह्याच गळ्यात घालतीन."

"तुले बी काहून म्हणता येते," भिवाजी म्हणाला.

स्टेशनाच्या बाकावर बापलेकीनं डबा उघडला. ज्वारीची भाकर, तिखट, कांदा. मालगाडी आली, न थांबता गेली. प्रेसचे धप्पे गाडीखाली दबले आणि पुन्हा वर आले.

छप्पन साली, दीक्षा घेतली त्या वर्षी, अंजनाचा पाळणा ज्या दोरानं टांगला, तो दोर त्याआधी ढोरं ओढायच्या कामाचा होता.