समुद्रसपाटीचा आकडा

मावशीला विभागात मावशी म्हणायचं नाही. मॅडम. भाची हे पहिल्याच आठवड्यात बोलणी खाऊन शिकली होती. मावशी किरणोपचाराची भौतिकतज्ज्ञ, भाची तिच्याच हाताखाली एम.एस्सी. करणारी. प्रबंधावर सही मावशीची. आज व्हायची होती.

चूक अशी.

किरण मोजायच्या कुपीत हवा असते. शहर डोंगरावर, हवा विरळ, म्हणून कुपी डोस कमी दाखवते. इथला हवेचा दाब मोजून त्या हिशेबाने डोसचा आकडा वर न्यावा लागतो. काल दाबमापक बिघडला. मावशीने दाब मोबाईलवरच्या हवामानातून घेतला. मोबाईल दाब सांगतो तो आपण समुद्रकाठी बसलोय असं धरून. त्या हिशेबात आकडा वर गेलाच नाही आणि डोस कमी दिसला. मशीनचा एक भाग कालच बदललेला, तेव्हा कमी असणारच, म्हणत तिने मशीनचा डोस वाढवून ठेवला.

म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येक पेशंटला आज जास्त डोस.

भांडण असं.

“मॅडम, मशीन आठ टक्के जास्त देतंय. समुद्रसपाटीचा दाब घेतलात तुम्ही.”

“कालची पोर मला दाब शिकवणार! तुझं नाक पुसलंय मी.”

“नाकाचं नंतर बघू. शेजारच्या प्रयोगशाळेत दाबमापक आहे. पुन्हा मोजू.”

“आणि गावभर सांगू, मॅडम चुकल्या म्हणून?”

“चुकल्याच.”

मशीन चालवणारा ऑपरेटर उगीचच संगणकाच्या पडद्यात डोकं खुपसून बसला.

“ताईच्या तोंडाकडे बघून घेतलं तुला,” मावशी म्हणाली. “चांगले पांग फेडलेस. सही विसर आता. पहिला पेशंट घ्या रे!”

दार असं.

उपचारखोलीचं दार लागल्याशिवाय मशीनमधून किरण सुटत नाहीत. भाचीने खुर्ची ओढली, चौकटीत टाकली आणि ठाण मांडून बसली.

“ऊठ.”

“दाब मोजा, उठते.”

“आईवर गेलीयेस. तीही अशीच वाटेत बसायची.”

“लावा तिला फोन. मी इथेच आहे.”

मावशीने दंड धरून ओढलं. खुर्ची करकरली, भाची हलली नाही. तेवढ्यात गाऊन घातलेले एक आजोबा येऊन उभे राहिले. “बाई, माझा नंबर ना?”

मावशीने दंड सोडला.

“बसा, आजोबा,” मावशी दातओठ खात म्हणाली. “मशीन तपासायचंय.” मग भाचीकडे वळली. “जा, आण तुझं दाबमापक. आणि दुसरा गाईड शोध.”

“शोधते. दाबमापक आणायला ऑपरेटरला पाठवा,” भाची म्हणाली आणि खुर्ची आणखी आत सरकवली.