मगदूमांच्या टीव्हीखालची ओसरी

मी एक संगणक बोलतोय. राजाजीनगरात मगदूमांच्या हॉलमध्ये, टीव्हीखालच्या खणात बसून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबलेला वाटेल. डोक्यावर दह्याचं पातेलंही आहे. माझ्या अंगाची ऊब विद्याताईंनी पहिल्याच आठवड्यात हेरली. बंगळुरात डिसेंबरात दही लागत नाही, अशी त्यांची वीस वर्षांची तक्रार होती. आयुष्यात मी जी कामं केली, त्यांतलं कुणीच नावं न ठेवलेलं काम हे एवढंच.

माझं तारुण्य एका सरकारी कारखान्याच्या हजेरी विभागात गेलं. कोण किती उशिरा आलं, एवढंच मी नऊ वर्षं टिपलं. दयानंद मगदूम तिथं अभियंता होते. मूळचे निपाणीचे. तीस वर्षांत एकदाही उशीर नाही. ते निवृत्त झाले त्याच महिन्यात मलाही भंगारात काढलं. त्यांनी साहेबांकडून मला मागून घेतलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं.

"हे कशाला?" त्यांच्या पत्नी विद्याताईंनी दारातच विचारलं.

"चालू आहे अजून," दयानंद म्हणाले. ते माझ्याबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, हे मला कळलं नाही.

त्या वेळी बंगळुरातल्या मराठी माणसांचा एक गट एका मोठ्या कंपनीच्या संकेतस्थळावर होता. अकरा वर्षांचा, नऊशे माणसांचा. दयानंद त्याचे चालक. एका सकाळी तो गट नाहीसा झाला. कारण फार उशिरा कळलं. कुणीतरी लिहिलं होतं, 'विळी देणे आहे, धार उत्तम.' कंपनीच्या यंत्राला तो शस्त्रांचा व्यापार वाटला. दयानंदांनी सात अर्ज केले. सातही वेळा एकच उत्तर आलं, "आपण सामाजिक नियमांचा भंग केला आहे. सहकार्याबद्दल आभार." अकरा वर्षांचे फोटो, पाककृती, गेलेल्या माणसांच्या आठवणी, सगळं त्या विळीखाली आलं.

 सातव्या उत्तरानंतर तिसऱ्या दिवशी दयानंदांनी माझ्यावरची धूळ पुसली.

जगात असंही एक जाळं आहे, हे त्यांनी वाचलं होतं, की ज्याला एक मालक नाही. छोटी छोटी हजारो ठिकाणं. प्रत्येकाचा कारभारी वेगळा, नियम वेगळे. पण या घरातून त्या घराशी बोलता येतं. तसलं एक घर म्हणजे सर्व्हर, दिवसरात्र जागा राहणारा संगणक. ते घर मी झालो. दयानंदांनी माझं नाव ठेवलं 'ओसरी'.

नवीन माणसांसाठी त्यांनी मार्गदर्शिका लिहिली. अडतीस पानी. पहिलं प्रकरण 'संदेशवहनाचा इतिहास'. खातं कसं उघडायचं ते सव्विसाव्या पानावर. मग बसवनगुडीत एका ओळखीच्यांच्या सभागृहात त्यांनी सत्तर जणांना बोलावलं, दोन तास समजावलं. लोकांनी मन लावून उप्पीट खाल्लं.

"पण याचा मालक कोण?" एकानं विचारलं.

"कुणीच नाही. म्हणजे, ओसरीपुरता मीच."

"मग कंपनीत आणि तुमच्यात फरक काय?"

"मी कुणाला न सांगता बाहेर काढणार नाही," दयानंद म्हणाले. हे त्यांनी एकतिसाव्या पानावर लिहिलंही होतं.

तरी माणसं आली. महिन्याभरात तेवीस जणांनी खाती उघडली. आल्यावर त्यांना पांढरं पान दिसायचं, कारण इथं आपणहून कुणाच्या मागं लागल्याशिवाय, म्हणजे फॉलो केल्याशिवाय, कुणाचं काही दिसत नाही. (पान बावीस.) मग ते लिहायचे, "इथं कुणीच नाही." आणि निघून जायचे. माझ्या पोटात अशी तेवीस वाक्यं एकमेकांना खेटून पडली होती. तेवीस माणसं एकाच ओसरीवर एकमेकांकडं पाठ करून उभी होती. मी काय करणार? मला पंखा आहे, तोंड नाही.

मग भागुबाई आल्या.

दयानंदांची थोरली बहीण. तीस वर्षं निपाणीत विड्या वळल्या. नवरा गेल्यावर मुलगा अभिजीत त्यांना जे. पी. नगरला घेऊन आला. सातव्या मजल्यावर सगळं होतं, बोलायला कुणी नव्हतं. मुलगा-सून नऊला जायचे ते आठला यायचे. म्हणून भागुबाई दर गुरुवारी मेट्रोनं भावाकडं यायच्या. तंबाखूनं बोटांच्या रेषा पुसल्या होत्या. फोन त्यांचा अंगठा ओळखायचा नाही.

"दया, हे तुजं काय चाललंय?" त्यांनी विचारलं. दयानंदांनी मार्गदर्शिका पुढं केली. भागुबाईंनी तिचं वजन हातानं जोखलं आणि टीपॉयवर ठेवली. "मला लिवता येत न्हाई भराभर. बोललेलं उमटतंय का?"

उमटतं, म्हणून कळल्यावर त्या फोनला म्हणाल्या, "मी भागू. निपाणीची. आज झुणका केलाय. तुमच्याकडं काय?"

मग दयानंदांनी त्यांना ती तेवीस वाक्यं दाखवली, तर त्या एकेकाला उत्तर देत बसल्या. "मी हाय की." तेवीस वेळा. चार वाजेपर्यंत एकोणीस जण परत आले होते. त्या दिवसापासून नवीन कुणी आलं की भागुबाई पुढं व्हायच्या. नाव सांग, गाव सांग, ह्या चौघांच्या मागं लाग. अडतीस पानांचं काम झालं तीन वाक्यांत. दयानंदांनी मार्गदर्शिकेला परिशिष्ट जोडलं.

पाचेक महिन्यांत ओसरीवर चारशे माणसं झाली. त्यांत मकरंद टिळेकर होते. पुण्याचे, इथल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले, दयानंदांचे जुने मित्र. कुणी 'आणी' लिहिलं की चार मिनिटांत मकरंदरावांचं उत्तर यायचं, "आणि. ऱ्हस्व." दुःखाच्या बातमीतलीही वेलांटी ते सुधारायचे. मराठी टिकवायची होती त्यांना, आणि ती माणसांच्या तावडीतून सोडवल्याशिवाय टिकणार नाही असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

एका गुरुवारी सकाळी धनलक्ष्मी नावाची मुलगी नव्यानं आली. कन्नड घरातली, बसवनगुडीत एका आजारी आजींची शुश्रूषा करणारी. तिनं मोडक्या मराठीत लिहिलं, "आजी मराठी. स्ट्रोकनंतर कन्नड विसरला. दिवसभर कूस बदल कूस बदल म्हणतो. आमच्यात कूसु म्हणजे बाळ. मी नातूचा फोटो बदलून ठेवली. आजी रडतो. काय करू?"

मकरंदरावांचं उत्तर चार मिनिटांत आलं. त्यांनी तिचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि खाली चुका लिहिल्या. एकूण सहा. शेवटी म्हटलं, "आधी लिंगविचार शिकावा, मग लिहावं."

धनलक्ष्मीनं 'क्षमिसि' एवढंच लिहिलं, म्हणजे माफ करा. आपला प्रश्न पुसला आणि गेली.

भागुबाई बाराला पोचल्या. प्रश्न नव्हता, पण मकरंदरावांनी चुका दाखवायला उतरवून घेतलेली वाक्यं होती. तेवढ्यामुळंच तो उरला होता. भागुबाईंनी विद्याताईंकडून तो दोनदा वाचून घेतला आणि उभ्याच राहिल्या.

"अगं बाई, म्हातारी कुशीवर वळव म्हणतीया! एका अंगावर किती दिवस पडलीया? पाठ सोलून निघाली असंल."

दयानंदांनी धनलक्ष्मीला उद्देशून ओसरीवर उत्तर टाकलं. पण ती बघेना. तिनं सूचनाही बंद केल्या होत्या.

"तुज्याकडं तिचा पत्ता असंल की."

"इमेल आहे, अक्का. पण सदस्यांची खाजगी माहिती कारभाऱ्यानं वापरायची नाही. नियम आहे."

"कुणी केला?"

"मी."

"मग मोड."

"अक्का, नियम असा मोडला तर मी आणि ती कंपनी—"

"दया," भागुबाई म्हणाल्या, "तिकडं बाई पडलीया."

दयानंद खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते कशाला तरी उशीर करत होते, आणि मी सवयीनं मिनिटं मोजत होतो. अकराव्या मिनिटाला त्यांनी पत्र लिहिलं. कूस म्हणजे काय, आजींना दर दोन तासांनी कसं वळवायचं, सगळं. मराठीत आणि कन्नडात. इतिहास नव्हता. पाच ओळी होत्या.

पत्र गेल्यावरही हात थांबेनात, म्हणून त्यांनी मकरंदरावांचं खातं उघडलं आणि बंद केलं. न सांगता. मकरंदरावांना तयार निरोप आपोआप गेला, "आपण सामाजिक नियमांचा भंग केला आहे." तो मजकूर ओसरीच्या तयार प्रणालीबरोबरच माझ्यात आला होता. दयानंदांनी कधी बदललाच नव्हता.

पण मालक नसलेल्या जाळ्याची गंमत अशी की माणसाला घराबाहेर काढता येतं, गावाबाहेर नाही. मकरंदरावांनी आठवड्यात स्वतःचा सर्व्हर उभा केला. नाव 'शुद्ध'. सदस्य एक. तिथून त्यांची ऱ्हस्व-दीर्घं पूर्वीसारखीच माझ्याकडं येऊ लागली. त्यांनी नवागतांसाठी मार्गदर्शिकाही काढली. चव्वेचाळीस पानी.

"तो रस्ताच बंद करतो," दयानंद म्हणाले.

"कर," विद्याताई म्हणाल्या. "मग उरलेल्या गावाचे कर. मग तू आणि तुझी ओसरी."

त्यांनी बंद केला नाही. उलट दोन दिवसांनी मकरंदरावांना फोन लावला. 

"न सांगता काढलं. चुकलो," दयानंद म्हणाले.

"'चुकलो' बरोबर आहे," पलीकडून आवाज आला. हे शुद्धलेखनाबद्दल होतं की माफीबद्दल, ते दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. जरा वेळानं मकरंदराव म्हणाले, "त्या मुलीचं काय झालं?"

"उत्तर नाही."

उत्तर पाचव्या दिवशी आलं. आजींच्या कमरेशी जखम सुरू झाली होती, पण वरवरची. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं. "आता रोज कूस बदलतो. आजी झोपतो. सरी, थँक्स." (सरी म्हणजे ठीक.) भागुबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं आणि पदरानं डोळे पुसले. मकरंदरावांपर्यंतही ते गेलं. त्यांच्याकडून काही आलं नाही. चार मिनिटं गेली, दिवस गेला. पुढच्या आठवड्यात मात्र 'शुद्ध'वरून एक यादी आली: अंथरुणातलं माणूस जे मागतं असे साठ मराठी शब्द आणि त्यांचे कन्नड अर्थ. गार लागतंय, उशी उंच कर, घोटभर दे. मार्गदर्शिकेपेक्षा ती बरीच वाचली गेली. धनलक्ष्मीनं छापून भिंतीवर लावली; यादी कुणी केली, हे तिनं विचारलं नाही.

माझं मात्र आता होत नाही. आतली तबकडी खरखरते. माणसं आठशे झाली, भागुबाईंनी जमवलेली. इतक्यांचं बोलणं पेलायला मी हजेरीवरचा गडी. दयानंदांनी भाड्याच्या दणकट यंत्रावर जागा घेतली आहे. सगळ्यांचं सामान तिकडं गेलं; दार तेवढं अजून माझ्याकडं आहे. स्थलांतराचं निवेदन अकरा पानांचं होतं. भागुबाईंनी प्रत्येकाला फोन करून "पत्ता तोच, यंत्र नवं" म्हणून सांगितलं. आज दुपारी माझी वायर काढायची आहे.

आत्ताच एक अर्ज आलाय, बहुधा माझ्याकडचा शेवटचा. नाव उमाबाई नाडगौडा, वय त्र्याऐंशी, बसवनगुडी. सोबत धनलक्ष्मीची ओळ, "आजी डाव्या हातानं लिहितो, मी फोन धरतो." 'तुम्हाला इथं का यायचं आहे?' या रकान्यात एकच शब्द लिहिलाय.

'बोलायला'.

त्यात चूक नाही. एरवी दयानंद अर्जावर दोन दिवस घेतात. आज त्यांनी चष्माही लावला नाही, नुसतंच 'मंजूर' दाबलं आणि अक्कांना हाक मारली.

दयानंद, वायर काढा खुशाल. पण जरा सबुरीनं. आजी अजून लिहितायत.