माझं पाचवं भोक

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी एक जुना, काळा, लाकडी गोळा आहे. लिंबाएवढा. पण मला नुसता गोळा म्हणू नका हं, राग येतो मला. माझं नाव कार्बन! अंगावर चार भोकं आहेत, म्हणजे माझे चार हातच म्हणा ना. त्यांत काड्या खोचायच्या आणि दुसरे गोळे जोडायचे. पांढरा छोटा तो हायड्रोजन, लाल तो ऑक्सिजन, विटकरी तो ब्रोमीन. असे आम्ही सगळे एका पेटीत राहतो. आता माझ्या अंगावर खरं तर पाच भोकं आहेत. त्या पाचव्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म इंदूरच्या 'जुनी इंदूर' मोहल्ल्यातला, लाकूड कातायच्या एका खरादावरचा. कारागिराने मला घासूनपुसून गुळगुळीत केलं, काळा रंग दिला आणि आमची पेटी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली. काय दिवस होते ते! मुलं आम्हाला जोडायची, तोडायची, गोल फिरवून बघायची. कुणी हायड्रोजन खिशात घालून घरी न्यायचं, कुणी माझा झेल घ्यायचं. मी पडायचो, टवके उडायचे, पण बरं वाटायचं. पुढे पडद्यावर रंगीत रेणू बोटाने फिरू लागले आणि आम्ही कपाटात गेलो. कित्येक वर्षं कुणी हात लावला नाही. शेवटी तिथे केमिस्ट्री शिकवणाऱ्या शुभदा मॅडम रिटायर होताना रीतसर विचारून आम्हाला सुदामा नगरला आपल्या घरी घेऊन आल्या. तिथे त्या बारावीच्या मुलांना शिकवतात.

त्या मुलांत एक कस्तुरी होती. पोरगी हुशार, पण वहीत कार्बनला काही केल्या पाचवा बॉण्ड, म्हणजे पाचवा हात द्यायची! रिॲक्शन लिहिताना बाण कुठून कुठे काढायचा, कोण येतो, कोण जातो, सगळा गोंधळ. एका टेस्टच्या पानावर लालच लाल खुणा बघून तिचे डोळे भरून आले.

"मॅडम, माझ्याने नाही होणार. मी सायन्स छोडूनच देते."

"सोमवारी पुन्हा टेस्ट आहे. ती दे, मग काय सोडायचं ते सोड," मॅडम म्हणाल्या आणि आमची पेटी तिच्या हातात ठेवली. "कागदावर नको, हाताने जोड. आणि जपून गं, माझी जुनी मंडळी आहेत ही."

रविवारी दुपारी कस्तुरी मला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. माझ्या तीन हातांत हायड्रोजन, चौथ्यात ब्रोमीन. आता बाहेरून ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी येणार आणि ब्रोमीनची जागा घेणार, असा प्रश्न होता. ती लाल ऑक्सिजनची काडी घेऊन माझ्या अंगावर इकडे टोच, तिकडे टोच. अगं बाई, जागाच नाही तर कुठे घेऊ त्याला? शेवटी तिने काडी आपटली आणि तोंड धुवायला उठून गेली.

तिचे बाबा, गजाननराव, शेवेची वाटी घेऊन हे सगळं बघत होते. एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळणारा साधा माणूस, पण लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं की जिवाची नुसती घालमेल. त्यांनी मला उचलून फिरवून पाहिलं.

"लो भिया! बनवणारा एक भोक पाडायचंच भुलला!"

आणि मित्रांनो, ते ड्रिल मशीन घेऊन आले! शेव संपवून वाटी मोकळी केली, तिच्यात ब्रोमीन खाली टेकवला, मला वर धरलं आणि घर्रर्र! माझा जीवच गेला हो. ब्रोमीनच्या थेट पाठीमागे, तिन्ही हायड्रोजनच्या मधोमध, पाचवं भोक. वर फुंकर मारून भुसा उडवला आणि अगदी खुशीत हाक मारली, "बेटा, ये! टेन्शन मत ले. केलं मी काम तुझं."

कस्तुरीने पाहिलं आणि किंचाळलीच.

"बाबा! हे काय केलं तुम्ही! कार्बनला चारच बॉण्ड असतात! चार म्हणजे चार!"

आणि बोलता बोलता ती थबकली. इतके दिवस जे डोक्यात शिरत नव्हतं, ते तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं. बाबांचा चेहरा मात्र एवढासा झाला. मला तर त्यांचा रागही येईना.

सोमवारी बाबा स्वतः सोबत आले. "मॅडमजी, तुमची चीज मी खराब केली. पोरीला काही बोलू नका." मी मनात म्हटलं, झालं, आता आपण कचऱ्यात. मॅडमनी मला निरखून पाहिलं, हसल्या आणि मला कस्तुरीकडे दिलं.

"आता यातच दाखव मला, काय होतं ते."

कस्तुरीने लाल ऑक्सिजनची काडी पाठीमागच्या नव्या भोकात जराशी टेकवली. मग पुढचा ब्रोमीन जरासा बाहेर ओढला. "हा मागून येतो, तसतसा तो पुढून निघतो. मध्ये एक क्षण दोघंही असतात, पण दोघांचेही हात अर्धेच धरलेले. पूर्ण पाच कधीच नाही." ब्रोमीन तिने काढून टेबलावर ठेवला. "आणि तो सुटला की तिन्ही हायड्रोजन वाऱ्यात छत्री उलटते तसे उलटतात."

"शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. बाबांना एक अक्षर कळलं नव्हतं, पण सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच. टेस्ट चांगली गेली. सायन्स सोडायचं नावही पुन्हा निघालं नाही.

तर मित्रांनो, एवढंच मागतो. आम्हा जुन्यांना कपाटात जपून ठेवू नका. हातात घ्या, पाडा, जोडा, वाटल्यास चुका करा. टवक्यांनी मी कधी दुखावलो नाही, कपाटाने दुखावलो.

कस्तुरी आता कॉलेजात केमिस्ट्रीच शिकते आणि सुट्टीत मॅडमकडच्या मुलांना शिकवायला येते. कुणी कार्बनला पाचवा बॉण्ड काढला की ती रागावत नाही. मला त्याच्या हातात देते आणि म्हणते, "यातलं एक भोक केमिस्ट्रीचं नाही, माझ्या बाबांचं आहे. ओळख बरं, कोणतं?"