चौदापैकी चौदा

घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या तरणतलावाचं रविवारी उद्घाटन होतं आणि पहिली उडी मारण्याचा मान रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आनंद पेठे यांना मिळाला होता. पेठ्यांनी त्यासाठी निळी चड्डी आणली, घरातल्या घरात घालूनही पाहिली. पत्नी सरोजबाई एवढंच म्हणाल्या, "पोट आत घ्या."

शनिवारी संध्याकाळी पेठे पाणी बघायला खाली उतरले, तर काठावर कॉस्टिक सोड्याच्या गोण्यांची थप्पी आणि थप्पीवर चेअरमन देवेश भोईर. टॉवरखालची जमीन एकेकाळी भोईरांची भातशेती, त्यामुळे देवेश कुठेही बसला तरी घरी बसल्यासारखाच दिसे.

"सर, पाण्याचा पीएच काढला," त्याने आवाज खाली आणला. "चौदापैकी सात पॉइंट चार. त्रेपन्न टक्के!"

"माझा दिपेश सत्त्याण्णवला रडलेला, सर," सेक्रेटरी भावना म्हणाली. "आणि आपण त्रेपन्नावर पेढे वाटायचे?"

"सकाळपर्यंत चौदा करून टाकतो," देवेशने गोणीवर थाप मारली.

पेठ्यांच्या अंगावर काटा आला. निळ्या चड्डीच्या हद्दीत जरा जास्तच.

"अहो, चौदा म्हणजे लिटरमागे एक मोल हायड्रॉक्साइड आयन. चाळीस ग्रॅम कॉस्टिक! त्याने तुंबलेली मोरी मोकळी होते, देवेशराव. मी तर साधा प्राध्यापक."

"पण मार्क फुल ना?"

"मार्क नाहीत हो ते! आकडा एकाने वाढला की हायड्रोजन आयन दहापट कमी होतात."

"म्हणजे कमी आकडा भारी? रँकसारखं?" भावनाचे डोळे चमकले. "मग एकच करा ना! पहिला नंबर!"

"एक म्हणजे कडक आम्ल. तसलं पोटात असतं, बाई. त्यात पोट घालायचं नसतं."

देवेश हिरमुसला. "अहो सर, उद्या शेजारच्या टॉवरवाले येणार. बोर्डावर काय लिहू, काठावर पास?"

पेठ्यांनी गोण्यांकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. मग वर्गात बोलायचे तसा घसा खाकरला.

"तुम्ही एकच पेपर तपासलात. पीएच हायड्रोजनचा. हायड्रॉक्साइडचा पीओएच वेगळा. पहिल्यात सात पॉइंट चार, दुसऱ्यात सहा पॉइंट सहा. थिअरी आणि प्रॅक्टिकल समजा. करा बेरीज."

भावनाने मोबाईलवर बेरीज केली. मग बोटांवर केली. "चौदा!" तिने मोबाईल देवेशपुढे धरला.

गटाराच्या पाण्याचीही बेरीज चौदाच येते, हे पेठे बोलले नाहीत. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

गोण्या परत गेल्या. रविवारी झेंडूच्या माळेखाली बोर्ड झळकला: 'पाणी: १४ पैकी १४'. शेजारच्या टॉवरचे चेअरमन तो बराच वेळ वाचत उभे राहिले.

"सर," देवेश पेठ्यांच्या कानाशी लागला, "त्यांच्या पाण्याला किती असतील?"

"त्यांनी अजून बेरीज केलेली नाही," पेठे म्हणाले. त्यांनी पोट आत घेतलं आणि उडी मारली.