सेबेरिनाची बसायची जागा

नायदाने खुंटी मातीवर टेकवली, हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. खुंटी ठोकायची नेमकी तिथेच तिची आई बसली होती.

"आई, सरक ना जरा."

सेबेरिना वीतभर सरकली. हातातली चाती थांबली नाही की लोकरीचा धागा तुटला नाही.

"अगं, वीतभर काय सरकतेस? पार तिकडे सावलीत जाऊन बस."

"सावलीत गारठायला होतं. इथं ऊन आहे."

ऊन काय, सगळ्या डोंगरावर होतं. पण या बाईला आठवडाभर इंका लोकांच्या त्या कोनाड्यांच्या भिंतीखालचीच जागा हवी होती. सकाळी कामकऱ्यांसाठी उकडलेले बटाटे आणि भाजलेला मका घेऊन ती वर यायची. टोपली रिकामी झाली तरी खाली उतरायचं नाव नाही.

यूस्ताकिओमामांनी फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकवली. "राहू दे गं, पोरी. अंडी उबवतेय तुझी आई. पिल्लं निघाली की उठेल आपली आपण."

कामकरी हसले. सेबेरिनाही हसली. नायदाला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. चिल्कापाता गावातून कुस्कोच्या विद्यापीठात गेलेली ती पहिली मुलगी. हे तिचं पहिलं उत्खनन, आणि तेही नेमकं आपल्याच गावच्या डोंगरावर. खणायच्या आधी कोकाची पानं आणि मक्याची दारू वाहून धरतीची आणि इथल्या पूर्वजांची परवानगी मागितली, तेव्हा उत्खननाचे प्रमुख डॉक्टर बेलिसारिओंनी सगळ्यांदेखत तिला पुढे उभं केलं होतं. खुंट्या ठोकून दोरीने आखायचा हा चौकोन तिने एकटीने खणायचा होता. आणि आता डॉक्टर तिकडून चालत येत होते.

"काय नायदा, अजून दोरी नाही बांधली? आईंची परवानगी घ्यायची राहिली वाटतं."

तिचे कान लाल झाले. ते पुढे गेल्यावर ती आईजवळ वाकली आणि दातओठ खात म्हणाली, "माझी लाज काढायला येतेस का तू इथं रोज? घरी जा."

सेबेरिनाने मान वर केली. "इथंच खणणार ना? नक्की?"

"हो, इथंच."

"मग मी कडेला बसते की. तोंडातून शब्द काढणार नाही."

"नको! जा म्हटलं ना एकदा."

सेबेरिनाने धागा गुंडाळला, पाठीवरचं फडकं गळ्यापाशी बांधलं आणि ती उतरायला लागली. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. नायदा तोवर खुंटी ठोकत होती.

माती भुसभुशीत निघाली. कामकरी ओढ्याकाठी जेवायला गेले, डॉक्टर वरच्या खड्ड्यापाशी गेले, तरी नायदा उठली नाही. हाताला पहिल्यांदाच काहीतरी लागत होतं, भूक कुठली सुचायला? हातभर खोलीवर चपटे दगड लागले, कोणीतरी शेजारी शेजारी नीट मांडलेले. तिने एक दगड अलगद उचलला आणि कुंचला फिरवला.

खाली एक लहानसं गाठोडं होतं, हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत मावेल एवढं. त्याच्याभोवती बाळं घट्ट बांधतात तसली विणलेली पट्टी गुंडाळलेली होती. इंकांचं बाळ! तिच्या तोंडून हाक निघणार, एवढ्यात कुंचल्याखाली रंग दिसला. झगझगीत गुलाबी, आणि त्याला पिवळी कड. हा बाजारात मिळणारा कारखान्याचा धागा होता, पाचशे वर्षांपूर्वी तो कुठून येणार? आणि असलीच पट्टी घरी पेटीत होती. तोच गुलाबी, तीच पिवळी कड. तान्ही असताना नायदाला त्यात बांधत असत.

तिने कुंचला खाली ठेवला.

म्हणजे आई इथं पहारा देत होती. आठवडाभर, आपल्या अंगाने जागा झाकून. आणि मी तिला हाकलली! नायदाला आपल्याच जिभेची घृणा वाटली. पण रडायला वेळ नव्हता. अलीकडची हाडं निघाली तर पोलिसांना कळवायचं, हा नियम डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. मग सरकारी माणसं येणार, गाठोडं खोक्यात घालून शहरात नेणार, त्याला नंबर देणार. गावात आईला दारात उभं करून विचारणार, हे कोणाचं आणि कधीचं.

तिने गाठोड्याला हात लावला नाही. दगड होता तसा ठेवला, वर माती लोटली, पायाने दाबली. पुन्हा लोटली, पुन्हा दाबली.

जेवून आल्यावर डॉक्टरांनी खड्ड्यात डोकावलं. "काय मिळालं?"

"काही नाही, डॉक्टर. नुसती माती. खाली खडक लागला."

तिच्या तोंडावरून त्यांना वाटलं, पोरगी हिरमुसली. "अगं, माझ्या पहिल्या खड्ड्यात तर कुत्र्याचा एक दात निघाला होता. चालायचंच. ही भिंत कलतेय, बुजवून टाका हा आजच. मोठे दगड भरा." यूस्ताकिओमामांनी आणि दोघा गड्यांनी संध्याकाळपर्यंत दगडगोटे रचून तो कोपरा असा भरला, की आता भिंत पाडल्याशिवाय तिथे कोणाला पोचता येणार नव्हतं. नायदाने स्वतः दगड वाहून दिले.

दिवेलागणीला ती घरी आली. सेबेरिना चुलीपाशी बटाटे सोलत होती, सालं गिनीपिगांपुढे टाकत होती. नायदा तिच्या पायाशी बसली.

"आई, मी पाहिलं. कोणाला काही सांगितलं नाही. बुजवून टाकलं. दगड भरलेत वर, आता कोणी म्हणजे कोणी हात लावणार नाही. तू निर्धास्त राहा."

सुरी थांबली.

"बुजवलं?"

"हो. तुझ्यासाठीच."

सेबेरिनाने सुरी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी तर वाट बघत होते गं, कधी उकरताय याची."

नायदाला काही उमगेना.

"तुझ्या आधीचं ते. जन्मलं ते रडलंच नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याचे दोन थेंबसुद्धा पडले नाहीत डोक्यावर, मग चर्चच्या आवारात कोण जागा देणार? सासूने गुंडाळलं आणि नेलं, पूर्वजांच्या पदरात घालते म्हणाली. मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. पाहिलंस तर मायेत अडकशील, दूध आटायचं नाही, म्हणाली. कुठं पुरलं ते सांगितलं गेल्या साली, मरताना. आपल्या हातानं तिथं उकरावं तर पूर्वजांचा कोप, घराचं वाटोळं होईल. तुमच्या डॉक्टरनं त्यांची परवानगी घेतली तेव्हा म्हटलं, आता पोरगीच काढेल. पुढचं कसं निस्तरायचं ते बघू. एकदा बघू तरी."

"मग बोलली का नाहीस मला?"

"तुला त्या लोकांत मान आहे. म्हटलं, आधी सांगितलं तर भिशील." तिने नाक पुसलं. "दर नोव्हेंबरात, पितरांच्या दिवशी, मी दोन पाव भाजते बघ. मुलासाठी घोड्याच्या आकाराचा आणि मुलीसाठी बाहुलीच्या."

"ते दोन्ही माझेच ना?"

"तू खायचीस दोन्ही. पण त्यातला एक त्या बाळाच्या नावाने असायचा. कुठला ते मलाच ठाऊक नव्हतं. सासूने तेवढंही सांगितलं नाही आणि मरताना विचारायचं मला धैर्य झालं नाही." सेबेरिनाने लेकीचा मातीने भरलेला हात आपल्या हातात घेतला. "तू पाहिलंस ना? मुलगा होता की मुलगी?"

एवढ्याशा बाळाच्या हाडांवरून ते कळत नाही, हे नायदाला वर्गात शिकवलं होतं. आणि तिने तर पट्टीसुद्धा सोडली नव्हती.

"मुलगी," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, आई. केस होते. काळेभोर."

सेबेरिनाचा चेहरा वेडावाकडा झाला. ती आधी हसली आणि मग लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, अगदी लहान पोरासारखी, आवाज काढून. "म्हणजे घोडा उगाच करत होते मी इतकी वर्षं," ती रडतारडता म्हणाली.

नोव्हेंबर आला तेव्हा सेबेरिनाने दोन्ही बाहुल्या भाजल्या. एक नायदाला दिली आणि दुसरी फडक्यात बांधून ती भिंतीकडे निघाली. नायदा तिच्या मागून चढत होती. कुस्कोच्या बाजारातून आणलेला पावाचा घोडा तिने आईला दिसणार नाही असा शालीखाली धरला होता.